मनीप्लांटच्या बाटलीत काय वाढतंय?

डेंग्यूचा पेशंट समोर आला की मी एक प्रश्न हमखास विचारतो. "घरात पाणी कुठे साठतं?" उत्तर ठरलेलं. "छे डॉक्टर, आमच्याकडे नाहीच. शेजारी बांधकाम चालू आहे ना, तिथूनच येतात डास." मग मी विचारतो, "मनीप्लांट?" क्षणभर शांतता. "आहे की. टीव्हीजवळ, काचेच्या बाटलीत."

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास गटाराच्या घाणीपेक्षा आपल्या घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी पसंत करतो. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. आपल्याकडच्या हवेत अंड्याचा डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस पुरतात. बरेच जण सांगतात, "आम्ही पाणी बदलतो." पण नुसतं पाणी ओतून उपयोग नाही. ती अंडी कोरड्या भांड्यातही काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. बाटली आठवड्यातून एकदा आतून ब्रशने घासायला हवी, मुळंही धुवायला हवीत. अरुंद तोंडाच्या बाटलीत ब्रश जातच नाही. म्हणून माझं सरळ मत असं, की मनीप्लांट मातीत लावा. तिथे तो जास्त जोमाने वाढतो. कुंडीखालच्या ताटलीचं काय? तीच गोष्ट. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ताटली ओतून टाका.

"पण डॉक्टर, झाडांनी घरातली हवा शुद्ध होते ना?" हा समज १९८९ साली नासाने केलेल्या एका अभ्यासातून पसरला. तो प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांमध्ये झाला होता. आपल्या घराला दारं-खिडक्या असतात. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. खिडकीतून होते तेवढी हवेची सफाई झाडांकडून करून घ्यायची, तर दर चौरस मीटरला किमान १० आणि वेळप्रसंगी १००० झाडं लागतील! म्हणजे माणसांना बाहेर झोपावं लागेल. दमेकऱ्यांना तर मी स्पष्टच सांगतो, कुंडी आणली म्हणून इनहेलर बंद करायचा नाही. उलट सतत ओल्या मातीवर बुरशी धरते, ती काहींना त्रास देऊ शकते. रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणून घाबरणारेही भेटतात. शेजारी झोपलेला माणूस त्याच्या कितीतरी पट सोडतो, त्याला कुणी खोलीबाहेर काढत नाही.

मला खरी काळजी वाटते ती डिफेनबेकियाची. पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांची मोठी पानं, जिथे तिथे दिसतं. मागे एक आई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन धावत आली. ओठ सुजलेले, लाळ गळतेय, मूल किंचाळतंय. तिने शहाणपणा केला, चावलेलं पान पिशवीत घालून आणलं. या झाडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडात रुततात. अळू खाजतं ते याच स्फटिकांमुळे, आणि डिफेनबेकिया हे अळूच्याच कुळातलं. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेराही त्याच घरातले. अळू बाधू नये म्हणून फतफत्यात न विसरता चिंच घालणारे आपण, त्याचा हा चुलतभाऊ रांगत्या बाळाच्या हाताशी ठेवतो. नर्सरीवाल्याने विकताना सांगायला हवं, पण सांगत नाही.

असं झालं तर तोंडातले तुकडे ओल्या फडक्याने काढा, तोंड पुसून घ्या, थंड पाणी किंवा दूध घोटाघोटाने द्या. उलटी करवू नका. आवाज बसला, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर थेट हॉस्पिटल गाठा. चीक डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याने १५ मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

एवढं वाचून झाडं फेकून देऊ नका. मला ती आवडतात. माझा पहिला रबर प्लांट मात्र मीच मारला, रोज पाणी घालून. पानं पिवळी पडली, मला वाटलं तहानलाय, आणखी घातलं. मुळं कुजली होती. ही बरीचशी झाडं मूळची दाट जंगलातल्या सावलीतली. त्यांना खिडकीजवळचा उजेड हवा, कडक ऊन नको. बोट पेरभर मातीत घालून पाहा, कोरडं लागलं तरच पाणी. पावसाळ्यात आणखी कमी. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा.

आणि आमच्या दवाखान्याचं सांगायचं राहिलं. वेटिंग रूममध्ये डेंग्यूच्या पोस्टरखालीच मनीप्लांटची बाटली होती. एका आजोबांनी ती उजेडाकडे धरून मला दाखवली. आत अळ्या वळवळत होत्या.