'जास्त' म्हणजे बेरीज?

परवा दादाकडे गेलो होतो. जेवणं आटोपली आणि पुतणी गणिताची वही घेऊन शेजारी येऊन बसली. तिसरीत आहे. म्हणाली, "काका, हे उदाहरण चुकलंय, पण मी तर बरोबरच केलं होतं."

उदाहरण साधंच होतं. मीनाकडे १२ बांगड्या आहेत. त्या रेणूच्या बांगड्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. तर रेणूकडे किती बांगड्या आहेत? पोरीने सुवाच्य अक्षरात १२ + ५ = १७ लिहिलं होतं आणि त्यावर लाल फुली होती.

"बेरीज का केलीस गं?"

"जास्त म्हणजे बेरीज. तक्त्यात बघ ना!"

तक्ता कपाटाच्या दारावर चिकटपट्टीने लावलेला होता. शिकवणीतून मिळालेला, रंगीत, छान छापलेला. 'एकूण, मिळून, जास्त' म्हणजे बेरीज. 'उरले, शिल्लक, कमी' म्हणजे वजाबाकी. 'पट' म्हणजे गुणाकार. 'प्रत्येकी, समान वाटणी' म्हणजे भागाकार. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, शब्द ओळखा, उदाहरण सोडवा.

वहिनी हे वाचणार आहेत, म्हणून आधीच सांगतो. वहिनी, रागावू नका, पण तो तक्ता काढून टाका. आणि इथे येणाऱ्या ज्या ज्या मंडळींच्या घरी असा तक्ता असेल त्यांनाही हेच सांगणं आहे. शाब्दिक उदाहरणं शिकवण्याची ही पद्धत नुसती अपुरी नाही, ती चुकीची आहे. ती मुलांना उदाहरण न वाचण्याचं शिक्षण देते.

एकेक ओळ तपासून बघा. 'वर्गात एकूण ४२ विद्यार्थी आहेत, त्यांत १९ मुली आहेत, तर मुलगे किती?' 'एकूण' आहे, पण करायची आहे वजाबाकी. तक्त्याप्रमाणे त्या वर्गात ६१ मुलगे निघतात! 'झाडावरच्या ६ चिमण्या उडाल्या, ९ उरल्या, आधी किती होत्या?' 'उरल्या' आहे आणि बेरीज करायची आहे. '५ डब्यांत प्रत्येकी ८ लाडू आहेत, तर लाडू किती?' 'प्रत्येकी' आहे आणि करायचा आहे गुणाकार. ही काही कुठल्या स्पर्धा परीक्षेतली अवघड उदाहरणं नाहीत. दुसरी ते चौथीच्या मुलांसमोर नेहमी येणारी आहेत.

मग तक्ता चालतो कसा? मुलांना मार्क मिळतात कसे? कारण वजाबाकीच्या धड्याखाली जी उदाहरणं असतात ती सगळी वजाबाकीचीच असतात. मुलाला वाचायची गरजच नसते. दोन आकडे उचलायचे, मोठ्यातून लहान वजा करायचा, झालं. मार्क मिळाले की आपण खूश. संमिश्र उदाहरणं आली की मग "याला गणित जमत नाही" म्हणून आपणच मोकळे होतो.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाहीये. माझा मुलगा तिसरीत असताना असाच तक्ता मी स्वतः करून दिला होता, स्केचपेनने, हौसेने. ऑफिसमधून थकून यायचं, समोर दहा उदाहरणांचा गृहपाठ, आणि तक्त्यामुळे तो पंधरा मिनिटांत उरकायचा. चौथीपर्यंत सगळं छान चाललं. सातवीत समीकरणांवरची उदाहरणं आली. एका रात्री तो पुस्तक पुढे सरकवून म्हणाला, "बाबा, यात कुठला शब्द बघायचा?" त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. चार वर्षं मी त्याला गणित शिकवतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी त्याला शब्द हुडकायला शिकवलं होतं. ती सवय मोडायला पुढची दोन वर्षं गेली आणि त्या दोन वर्षांत 'मला गणित येत नाही' हे त्याने मनाशी पक्कं करून टाकलं. ते अजून पूर्ण पुसलेलं नाही.

१९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी प्राथमिकच्या मुलांना एक प्रश्न घातला होता. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी त्या आकड्यांचं काहीतरी करून चक्क वय काढून दिलं. स्टेला बारुक या गणित शिक्षिकेने पुढे १९८५ साली कप्तानाच्या या वयावर पुस्तकच लिहिलं. आपण हसतो, पण मुलं काही वेडी नव्हती. शाळेतल्या उदाहरणात आकडे असतातच, त्यांचं काहीतरी करायचंच असतं आणि उत्तर येतंच, एवढं ती अनुभवातून शिकलेली होती. आपला तक्ता हेच शिकवतो, फक्त रंगीत कागदावर.

आपल्याकडे तर शाब्दिक उदाहरणांची परंपरा केवढी जुनी. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली, त्यातलं भुंग्यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग एका फुलावर गेला, तिसरा भाग दुसऱ्यावर, या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा उरला. तर थवा केवढा? उत्तर १५. आता इथे 'उरला' हा शब्द धरून वजाबाकी करायला बसा बघू! आधी तो थवा डोळ्यांसमोर यावा लागतो.

माझी तिसरीतली पुतणी भाजीवाल्याकडे ५० ची नोट देऊन ३५ ची मेथी-कोथिंबीर घेते आणि १५ परत आले की नाही हे बघते. तिथे तिला कुठलाही तक्ता लागत नाही, कारण तिथे काय चाललंय ते तिला समजतं. वहीत तेच समजायचं राहून जातं.

मग करायचं काय? मुलगा हातचा गेल्यावर मला शहाणपण सुचलं, तेच सांगतो. पहिल्यांदा उदाहरणातले आकडे बोटाने झाका आणि गोष्ट सांगायला लावा. कोणाकडे काय आहे, काय झालं, काय विचारलंय. मुलाला गोष्ट सांगता येत नसेल तर अडचण गणिताची नाही, वाक्याची आहे. 'शिल्लक' म्हणजे काय, 'त्या' म्हणजे कोणाच्या, हे आधी बोला. मग चित्र काढा. सिंगापूरने १९८० च्या दशकापासून शाळेत पट्ट्या काढून उदाहरणं सोडवायला शिकवलं, ते मला फार आवडतं. मीनाची लांब पट्टी, रेणूची आखूड, मधला फरक ५. तिसरी गोष्ट, आकडेमोडीआधी विचारा, उत्तर १२ पेक्षा मोठं येईल की लहान? आणि शेवटी उत्तर पूर्ण वाक्यात लिहायला लावा. 'वर्गात ६१ मुलगे आहेत' असं लिहिताना वर्ग ४२ जणांचा आहे हे पोराला आपसूक टोचतं.

"एवढा वेळ कोणाला आहे?" हा प्रश्न येणार. खरं आहे, वेळ लागतो. दहाच्या जागी तीनच उदाहरणं होतील. होऊ देत. न वाचता सोडवलेल्या दहांपेक्षा समजून सोडवलेली तीन कधीही बरी. "काही मुलांना आधार लागतोच की," असंही वहिनी त्या दिवशी म्हणाल्या. लागतो, नाही कोण म्हणतंय? पण आधार चित्राचा द्या, काडेपेटीतल्या काड्यांचा द्या, शेजारी बसून गप्पांचा द्या.

असो. त्या रात्री आम्ही दोन पट्ट्या काढल्या. पुतणी जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अय्या, जास्त तर मीनाकडे आहेत! मग रेणूकडे ७च." मग मी तिला म्हटलं, आता तू मला असंच एक उदाहरण घाल, 'जास्त' शब्द असलेलं आणि वजाबाकीचं. पेन्सिल चावत पाच मिनिटं विचार करून तिने लिहिलं:

'काकाने ८ पुऱ्या खाल्ल्या. त्या बाबाच्या पुऱ्यांपेक्षा ३ ने जास्त आहेत. तर बाबाने किती पुऱ्या खाल्ल्या?'

उत्तर बरोबर आहे, मी मोजल्या होत्या :)

तक्त्याचं तेवढं बघा, वहिनी.