सोळा गोलांचा हिशोब मुलींकडे मागू नका

ऑक्टोबर 2022 मध्ये भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर भारताच्या सतरा वर्षांखालील मुली विश्वचषक खेळल्या. 11 तारखेला अमेरिकेनं 8-0 नं हरवलं, 14 ला मोरोक्कोनं 3-0 नं, 17 ला ब्राझीलनं 5-0 नं. सोळा गोल खाल्ले, केला एकही नाही. मग जो तो मुलींवर तुटून पडला. दम नाही, उंची नाही, अंगात ताकद नाही, आपल्या पोरींचा हा खेळच नव्हे. चांगली शिकलीसवरलेली माणसं हे बोलत होती आणि अजून बोलतात. त्यांना मला तोंडावर सांगायचंय: त्या सोळातला एकही गोल त्या मुलींच्या खात्यावर लिहायचा अधिकार तुम्हाला नाही.

आधी उंचीचं बघू. याच विश्वचषकाच्या विजेत्यांची यादी काढा. 2008 ला आणि 2016 ला उत्तर कोरिया, 2014 ला जपान. या पोरी काय ताडमाड होत्या? मोरोक्को तर आपल्यासारखाच त्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला होता. फरक एवढाच, की तो आफ्रिकेची पात्रता फेरी खेळून, जिंकून आला होता आणि आपल्याला यजमान म्हणून जागा आयती मिळाली होती. मोरोक्कोनं त्याच्या दोन वर्षं आधी बायकांसाठी व्यावसायिक लीग सुरू केली, तीही दोन स्तरांची. आपण काय केलं? स्टेडियम रंगवली.

ही स्पर्धा मुळात 2020 ला आपल्याकडे व्हायची होती. करोनानं आधी पुढे गेली, मग रद्द झाली आणि भारताला 2022 ची मिळाली. खेळ वयाचा असल्यानं आधी तयार केलेल्या मुली बाद झाल्या. नवा संघ काही महिन्यांच्या शिबिरात उभा करायचा होता. जुलैमध्ये युरोपच्या दौऱ्यावरून सहाय्यक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून परत पाठवून काढून टाकावं लागलं. सोळा वर्षांच्या पोरी होत्या त्या, घरापासून हजारो मैलांवर. पुढच्याच महिन्यात फिफानं भारताचं फुटबॉल फेडरेशनच निलंबित केलं. स्पर्धा दोन महिन्यांवर आलेली आणि ती होणार की नाही हेच कुणाला ठाऊक नाही. बंदी ऑगस्टच्या शेवटी उठली. हे का घडलं? 2009 पासून फेडरेशनच्या अध्यक्षपदावर प्रफुल्ल पटेल होते, आपल्या महाराष्ट्राचे. मुदत 2020 च्या डिसेंबरात संपली तरी निवडणूक झाली नाही, खुर्ची सुटली नाही; मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती रिकामी करावी लागली. मोठ्या माणसांची ही भांडणं चालू असताना त्या मुली सराव करत होत्या. आठ गोल झाल्यावर मान मात्र त्यांनी खाली घालायची!

मी मोखाडा तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर मुलींना खेळ शिकवते. ज्या स्टेडियमवर त्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली, स्पेननं कोलंबियाला 1-0 नं हरवलं, ते नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. 2017 ला मुलांच्या विश्वचषकाचे सामने तिथेच झाले. 2022 च्या जानेवारीत बायकांचा आशियाई चषक नेरूळ, अंधेरी आणि बालेवाडीत झाला, तोही आपल्या संघाला करोनामुळे अर्ध्यात सोडावा लागला. पाच वर्षांत तीन मोठ्या स्पर्धा या राज्यानं भरवल्या. त्यातलं काय आमच्या घाटावर चढून आलं? काहीही नाही. 15 सप्टेंबर 2017 ला सरकारनं एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायची मोहीम काढली, शाळांना चेंडू वाटले, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी त्या मुलांनी कुणाबरोबर आणि कुठे खेळायचं, हे त्या मोहिमेत कुठे होतं? एक दिवस खेळवून खेळाडू घडत नाही. खेळाडू घडतो आठव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत, आठवड्याला एक खरा सामना खेळून. पंच, वेळ, गुणतक्ता, हार, आणि पुढच्या आठवड्यात परत मैदान. अमेरिकेच्या त्या मुलींनी असे सामने लहानपणापासून खेळलेत. आपल्या मुलींचा पराभव कलिंगावर नाही झाला, त्या सहा वर्षांत झाला.

आमच्याकडे ती सहा वर्षं कशी जातात ते सांगते. दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. भात, नागली घरात आली की माणसं भिवंडी, वसई, वाड्याच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी बरोबर जाते. ती परत येते पावसाच्या तोंडावर. आश्रमशाळेत राहिलेली मुलगी खेळू शकते, पण खेळाचा शिक्षक बहुतेक वेळा मानधनावरचा. त्याची मुदत संपली की शिट्टी कपाटात. 2025 मध्ये तर आश्रमशाळांतली शिक्षकपदं बाह्यस्रोतातून भरायचा घाट घातला गेला आणि वर्षानुवर्षं राबलेले शिक्षक नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले. आज आहे, उद्या नाही अशा शिक्षकाच्या हातून संघ बांधला जात नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला चेंडू पायाशी ठेवायला शिकवायचं आणि पुढच्या जूनमध्ये ती कुणाच्या हातात जाईल हे आपल्यालाच माहीत नसायचं, हा छळ आहे, तिचाही आणि शिकवणाऱ्याचाही.

आणि पाणी. मध्य वैतरणेचं धरण मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याला. पाणी मुंबईला. फेब्रुवारी सरला की आमच्या पाड्यांवर टँकरची वाट बघायची, नाहीतर हंडा घेऊन दरीत उतरायचं. हंडा कुणाच्या डोक्यावर? मुलींच्या. खेळायची वेळ संध्याकाळची आणि पाण्याची वेळही तीच. मुलगे त्या वेळात क्रिकेट खेळतात. त्यांच्यासाठी चषक असतो, पुढाऱ्याचा फ्लेक्स असतो, रोख बक्षीस असतं. मुलींच्या फुटबॉलसाठी गोलपोस्टचे दोन खांब मागायला मी एका पुढाऱ्याकडे गेले, तर तो म्हणाला, "बाई, पोरींना कबड्डी खेळवा, खर्च नाही." कबड्डीशी माझं वैर नाही. पण खर्च नको म्हणून मुलींचा खेळ ठरवायचा, याचा मला संताप येतो.

अंगात ताकद नाही म्हणणाऱ्यांनी तर गप्पच बसावं. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी देश हादरला होता. तेव्हापासून किती योजना आल्या आणि किती मंत्री घाट चढून आले! मुलीच्या ताटात अंडं रोज पडलं तर ताकद येते, यात कोडं कसलं? आणि रक्त कमी असतानाही या मुली डोंगर चढतात. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत, आमच्या डोंगरापलीकडची, 2010 ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक घेऊन आली. सह्याद्रीच्या याच रांगेत वाढलेली मुलगी. तिला नाशिकला प्रशिक्षक मिळाला, म्हणून ती दिसली.

त्या सोळा गोलांच्या संघाची कर्णधार होती अस्तम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. विश्वचषकाच्या वेळी तिच्या सन्मानार्थ तिच्या गावात रस्ता बांधायला घेतला आणि त्याच रस्त्यावर तिचे आईवडील रोजंदारीवर राबत होते. माझ्या पाड्यांवरच्या कुठल्याही घराची ही गोष्ट आहे. मग ती भारताची कर्णधार झाली आणि आमच्यातली एकही मुलगी जिल्ह्याच्या संघापर्यंत सहज पोहोचत नाही, हे कसं? कारण झारखंडनं मुलींसाठी निवासी केंद्रं काढली. अस्तम हजारीबागच्या केंद्रात घडली. रांचीजवळ ओरमांझीत 2009 पासून 'युवा' ही संस्था गावच्या मुलींना फुटबॉल शिकवते. हरियाणात अलखपुरा नावाच्या एका खेड्यातून संघच्या संघ उभे राहतात. त्या 2022 च्या संघात झारखंडच्या सहा जणी होत्या. गरिबी तिकडेही आहे, वाटा तिकडेही खडकाळ आहेत. पण तिकडे कुणीतरी रोज मैदानावर हजर राहतं.

आणि आता निकाल बघा. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांखालील मुलींनी यांगूनला म्यानमारला 1-0 नं हरवलं आणि वीस वर्षांनी आशियाई चषक गाठला. ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींनी बिश्केकला आधी किर्गिझस्तानला आणि मग उझबेकिस्तानला 2-1 नं हरवलं. या वयोगटात पात्रता फेरी जिंकून भारत आशियाई चषकाला पहिल्यांदाच पोहोचला. उझबेकिस्तानविरुद्ध आपण एका गोलानं मागे होतो. बदली म्हणून आलेल्या थंडामणी बास्केनं बरोबरी केली, झारखंडच्या अनुष्का कुमारीनं दुसरा गोल केला. बास्के हे संथाळांचं आडनाव. उंचीचं, ताकदीचं प्रवचन देणारे त्या दिवशी कुठे होते? विजयाची बातमी त्यांना ऐकूसुद्धा आली नाही.

मला स्टेडियम नको आहे. जव्हार प्रकल्पातल्या आश्रमशाळांमध्ये चौदा वर्षांखालील मुलींची लीग सुरू करा, जूनपासून मार्चपर्यंत, दर रविवारी, आणि मुलींना न्यायला-आणायला एसटी ठरवून द्या. प्रत्येक शाळेत खेळाचा एक कायम शिक्षक द्या, त्यात बायका जास्त असू देत, आणि मुलींनी तक्रार करायची तर ती कुणाकडे, हे नाव-फोनसकट वसतिगृहाच्या भिंतीवर लिहा. दिवाळीनंतर ज्यांचे आईबाप भट्टीवर जातात, त्या मुलींना वसतिगृहात जागा आणि धाकट्या भावंडांनाही सोबत जागा द्या, म्हणजे मुलीला भट्टीवर न्यायचं कारण उरणार नाही. हे सगळं आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत आहे. दिल्लीला विचारायचं नाही, फिफाला विचारायचं नाही. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा पहिल्या रविवारचा पहिला सामना कुठल्या दोन शाळांत आहे, एवढं मला लेखी कळवा.