खोली दहा बाय पंधराची, वॅट हजाराचे

गोवंडीत, आमच्या बैंगनवाडीच्या बाजारात, म्युझिक सिस्टिमच्या दुकानांसमोर थांबून बघा. खोक्यांवर ठळक अक्षरांत १००० वॅट, २००० वॅट लिहिलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’. हा पीएमपीओ कसा मोजायचा याचा सर्वमान्य नियमच नाही. क्षणभराची, बऱ्याचदा कागदावरचीच ताकद असते ती. पण आमची पोरं तोच आकडा पाहून खोका घरी आणतात. घर दहा बाय पंधराचं, मधली भिंत पातळ नाहीतर चक्क पत्र्याची, आणि पलीकडे कुणाचा दहावीचा अभ्यास, कुणाची रात्रपाळीनंतरची झोप. भोंग्यांवरून एवढा वाद होतो, घरातल्या या खोक्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

माझं म्हणणं असं की आपल्या घरांना दोन वॅटसुद्धा पुष्कळ झाले.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नाही. पण रेडिओ उघडून बघायचा शौक जुना आहे. आमच्या गल्लीतल्या एका रेडिओ मेकॅनिक चाचांच्या मदतीने मी एक छोटा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर जोडला. दोन्ही बाजूंना ईएल ८४ हा एकेक व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह पूर्वी बेंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्सही बनवत असे. एकटा लावला तर तो फार तर चार-पाच वॅट देतो. यात खरा जीव असतो आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये. व्हॉल्व्हकडे व्होल्टेज भरपूर आणि करंट थोडा, स्पीकरला हवं नेमकं उलट. ही अदलाबदल ट्रान्सफॉर्मर करतो, म्हणून तो वाइंडिंगवाल्याकडून नीट गुंडाळून घ्यावा लागतो. तिथे काटकसर केली की आधी खालचे जाड सूर जातात.

मग मोजणी. रात्री जेवणानंतर घरातल्या सगळ्यांना स्वच्छ ऐकू येईल एवढा आवाज ठेवला. बटणाला हात न लावता मोबाइलवरून पूर्ण ताकदीचा एक स्थिर सूर सोडला आणि ८ ओहमच्या स्पीकरवर मीटर लावला. काटा १ व्होल्टच्या आसपास. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे एक अष्टमांश वॅट! रेकॉर्डिंगमधला मोठ्यात मोठा सूर एवढी ताकद खातो, बाकीचं गाणं त्याहून कितीतरी कमी. चाचांना आश्चर्य वाटलं नाही, मला वाटलं.

हिशेब पाहिला तर यात जादू नाही. घरगुती स्पीकर १ वॅटवर, एक मीटर अंतरावर, साधारण ८७-८८ डेसिबल आवाज देतो. माणसांचं साधं बोलणं ६० च्या आसपास. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणजे ५ वरून ५० वॅटवर गेलात तर पैसे मोजाल भरपूर, आवाज वाटेल दुप्पट. नियमाने निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची आहे, हेही इथे लक्षात असू द्या.

आपल्या मागच्या पिढीला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ठाण्याच्या कारखान्यातली मर्फी किंवा तसाच एखादा व्हॉल्व्ह रेडिओ हॉटेलच्या फळीवर असायचा, त्यातून दोन-चार वॅट निघायचे आणि रेडिओ सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला बाहेर रस्त्यावर माणसं थांबायची. कारण त्यातला कागदी पडद्याचा मोठा, हलका स्पीकर थोडक्या ताकदीत मोठं बोलायचा. आणि अमीन सयानींची ती साधी, नितळ हिंदुस्तानी! शब्दन् शब्द कळायचा. हल्लीच्या खोक्यांत ढमढम आहे, शब्द गायब.

आता शौकीन मंडळी म्हणतात की व्हॉल्व्हचा आवाज गोड, ट्रान्झिस्टरचा कोरडा. मला हे अर्धंच पटतं. एकट्या व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये मूळ आवाजात थोडी भर पडते, ती कानाला सुखावते, पण ती भेसळच. साधी चांगली चिप याहून शुद्ध आवाज देते आणि वीजही कमी खाते. माझा अॅम्प्लिफायर गाणं असो-नसो, चालू आहे तोवर दिव्यासारखा तापत राहतो. त्यामुळे सगळ्यांनी व्हॉल्व्हच घ्यावा असा माझा आग्रह नाही. खोका घेताना दुकानदाराला ‘आरएमएस वॅट किती आणि स्पीकर एका वॅटला किती डेसिबल देतो’ एवढं विचारा. उत्तर येत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

मुलांना मी हा अॅम्प्लिफायर दाखवतो, हात लावू देत नाही. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज साठून राहू शकतो. ज्यांना स्वतः जोडायचा आहे त्यांनी आधी एखाद्या जाणत्या मेकॅनिकजवळ बसावं. असे लोक गोवंडी-कुर्ल्यात अजून आहेत. मोबाइल दुरुस्तीत पोट भरतं म्हणून जुनं काम त्यांनी बाजूला ठेवलंय इतकंच. आमचे चाचा सध्या भंगारातून आलेल्या एका जुन्या रेडिओचा आठ इंची स्पीकर माझ्यासाठी नीट करताहेत. त्याचा पडदा कडेला फाटलाय, पातळ कागद आणि डिंक लावून ठेवलाय वाळत.