घरबसा भाऊ

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील थंड ओढ्यांत रेनबो ट्राउट नांवाचा मासा जन्मभर राहतो. अंगावर ठिपके, कडेस तांबूस पट्टा, आकार बेताचा. त्याच ओढ्यांत जन्मलेले दुसरे कांहीं मासे लहानपणींच समुद्रास जातात, तेथें रुपेरी व पुष्कळ मोठे होतात आणि अंडीं घालण्यास परत येतात. त्यांस स्टीलहेड म्हणतात. दोघांस शेजारीं ठेविलें तर हे एकाच जातीचे आहेत असें कोणास वाटणार नाहीं; पण जात एकच आहे.

इतकेंच नव्हे, तर कित्येक ओढ्यांत त्यांचा परस्परांशीं शरीरसंबंध (सोयरीक म्हटलें तरी चालेल) होतो. घरबशा आईबापांचीं कांहीं पिलें समुद्राची वाट धरतात, प्रवासी मादीचीं कांहीं घरींच राहतात. त्यांच्या पांचव्या गुणसूत्राचा एक मोठा भाग कांहीं माशांत उलटा जोडलेला असतो, आणि जाण्याराहण्याचा कल पुष्कळ अंशीं त्यावर अवलंबून असतो. तथापि अन्न व पाण्याची उष्णता यांचाही त्यांत हात असतोच.

धरणें, पाण्याचा उपसा व शहरें यांमुळें स्टीलहेड अनेक नद्यांत दुर्मिळ झाले. तेव्हां अमेरिकेच्या संघसरकारानें त्यांस संरक्षण दिलें. परंतु २००६ सालच्या व्याख्येनें समुद्रगामी मासे तेवढे आंत घेतले आणि त्याच पाण्यांतील घरबसा भाऊ बाहेर ठेविला. ही वांटणी मला चुकीची वाटते. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत दूर देशीं गेलेला व घरीं राहिलेला, दोघेही एकाच बापाचे होते.

वॉशिंग्टन संस्थानांतील एल्व्हा नदीवर १९१३ व १९२७ सालीं दोन धरणें पुरीं झालीं. माशांस वर जाण्यास वाट ठेविली नव्हती. वर अडकलेले ट्राउट पिढ्यान्‌पिढ्या घरबसे राहिले. २०११ ते २०१४ या काळांत धरणें पाडलीं, तों उन्हाळ्यांत नदी चढणारे स्टीलहेड पुन्हां दिसूं लागले. आणि त्यासाठीं लागणारें आनुवंशिक बीज धरणांवरच्या ट्राउटांत टिकून राहिलें होतें असें तपासांत आढळलें.

कोणी म्हणेल, ट्राउट तर विपुल आहेत, माणसें ते हौदांत वाढवून नद्यांत सोडतात. त्या सर्वांस संरक्षण कशास? हौदांतले मीही वगळीन. ओढ्यांत जन्मलेल्यांची गोष्ट निराळी.

कॅलिफोर्निया संस्थानानें २०२४ सालीं दक्षिणेकडील स्टीलहेडास आपल्या कायद्याखालीं घेतांना समुद्राची वाट जेथवर मोकळी आहे तेथवरचे घरबसेही यादींत धरले. धरणांवर अडकलेले मात्र अद्याप बाहेरच आहेत.