एका चांगल्या वर्षाची किंमत किती?

शंभर मिलियन म्हणजे आपले किती? सिॲटलने सॅम डार्नोल्डशी करार केल्याची बातमी आली, त्या दिवशी सांगलीहून भावाचा फोन होता आणि त्याचा पहिला प्रश्न हाच. हिशेब करून सांगितलं, साधारण पावणेनऊशे कोटी, तीन वर्षांचे. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "आणि तुम्ही म्हणता की स्वस्तात गेला?"

हो, तसंच म्हणतोय. नेमका आकडा १००.५ मिलियन आहे आणि क्वार्टरबॅकच्या बाजारात तो तेव्हा मध्यम भाव होता. हा भाव कसा ठरतो, हे इथे वीस वर्षं राहिलेल्या आपल्या कित्येक मंडळींनाही नीट ठाऊक नसतं. सुपर बोलच्या दिवशी समोसे आणि जाहिराती, एवढाच आपला संबंध. पण २०२५ च्या मार्चमध्ये मिनेसोटा आणि सिॲटल या दोन संघांनी एकाच माणसाबद्दल अगदी उलटे निर्णय घेतले. खेळात रस नसला तरी तो हिशेब बघण्यासारखा आहे.

आधी माणूस. डार्नोल्ड २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला गेला. न्यूयॉर्क जेट्सने त्याला आणलं ते संघाचा तारणहार म्हणून. तीन वर्षांत तारण काही झालं नाही. २०१९ मध्ये न्यू इंग्लंडने जेट्सला ३३-० असं धुतलं, त्या रात्री बाकावर बसून तो म्हणाला की मला भुतं दिसतायत. त्याच्या अंगावरचा माइक चालू होता आणि ते वाक्य देशभर गेलं. पुढे कॅरोलिनाने घेतला, सोडला. सॅन फ्रान्सिस्कोत एक वर्ष राखीव म्हणून बसला. २०२४ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जनी त्याला एका वर्षासाठी १० मिलियनवर घेतलं, तेही तात्पुरती सोय म्हणून. खरा वारस होता ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर घेतलेला जे. जे. मॅकार्थी. ऑगस्टमध्ये मॅकार्थीचा गुडघा गेला आणि सोय म्हणून आणलेला माणूसच घरचा कर्ता झाला.

१७ सामने, १४ विजय, ४,३१९ यार्ड, ३५ टचडाऊन. मिनियापोलिसच्या थंडीत एरवी हिवाळ्यातच निराश होणाऱ्या लोकांनी डिसेंबरात त्याच्या नावाच्या जर्सी घेतल्या. आणि मग शेवटचे दोन सामने. डेट्रॉइटविरुद्ध ४१ पैकी १८ पास लागले, ३१-९ ने हार. गटाचं विजेतेपद आणि पहिलं मानांकन दोन्ही त्या एका रात्री गेलं. आठवड्याने प्लेऑफमध्ये रॅम्सविरुद्ध २७-९. लॉस एंजेलिसच्या वणव्यामुळे हा सामना ॲरिझोनात हलवला होता. त्या दिवशी रॅम्सनी त्याला नऊ वेळा चेंडूसकट आडवा केला.

आता पगार ठरवा. सतरा सामन्यांचा माणूस खरा, की शेवटच्या दोन सामन्यांचा, की त्याआधीच्या सहा वर्षांचा?

भारतातल्या नातेवाइकांसाठी दोन शब्द. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चाल ज्याच्या हातातून सुरू होते तो. कप्तान, सलामीवीर आणि शेवटच्या षटकाचा गोलंदाज एकाच माणसात असावा, तसं काहीसं. २०२५ च्या आयपीएलमध्ये संघाला १२० कोटींची थैली होती आणि त्यातूनच सगळे खेळाडू घ्यायचे होते. इथेही तसंच आहे. २०२५ साठी प्रत्येक संघाची पगारमर्यादा २७९.२ मिलियन होती, पन्नासेक माणसांसाठी. मालक कितीही श्रीमंत असला तरी ती ओलांडता येत नाही. त्यामुळे एकाला दिलेला डॉलर दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून काढलेला असतो. डलासच्या डॅक प्रेस्कॉटचा करार वर्षाला ६० मिलियनचा आहे, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ साडेएकवीस टक्के. जेद्दाच्या लिलावात लखनौने ऋषभ पंतला २७ कोटी दिले, ते थैलीच्या साडेबावीस टक्के होतात. खेळ वेगळे, वेड सारखंच.

म्हणून हे करार मिलियनमध्ये वाचू नयेत, टक्क्यांत वाचावेत. मर्यादा दरवर्षी वाढते. २०२३ मध्ये ती २२४.८ होती, २०२४ मध्ये २५५.४. तेव्हाचे ४० आणि आजचे ४० एक नाहीत. महागाईचा हा हिशेब पेन्शनरांना सांगावा लागत नाही, वृत्तवाहिन्यांना मात्र सांगावा लागतो.

टक्क्यांचा चष्मा लावला की २०२३ ते २०२५ या तीन वर्षांतली उदाहरणं एका रांगेत दिसतात. जीनो स्मिथ असाच मोडीत निघालेला क्वार्टरबॅक होता. २०२२ मध्ये सिॲटलमध्ये एकदम उमलला, तेव्हा त्याला मिळाले तीन वर्षांचे ७५, म्हणजे वर्षाला २५ आणि त्यावर बोनसच्या अटी. मर्यादेच्या ११ टक्के. बेकर मेफिल्ड डार्नोल्डच्याच ड्राफ्टमधला, पहिला निवडलेला. तीन संघ फिरून टॅम्पाला अवघ्या ४ मिलियनवर आला, चांगला खेळला आणि तीन वर्षांचे १०० घेऊन बसला. १३ टक्के. आता डार्नोल्ड, वर्षाला साडेतेहतीस, म्हणजे १२ टक्के. पडलेला माणूस एक वर्ष चमकला तर त्याला मर्यादेच्या अकरा ते तेरा टक्के द्यायचे, असा बाजारभावच जणू ठरून गेलाय. कांद्याचा भाव जितका हलतो तितकाही हा हलत नाही.

या रांगेबाहेर उभा आहे डॅनियल जोन्स. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना ही कहाणी पाठ असेल, कारण जायंट्सचं नाव न्यूयॉर्कचं असलं तरी मैदान ईस्ट रदरफोर्डला आहे. २०२२ च्या मे महिन्यात जायंट्सना सुमारे २२ मिलियनमध्ये त्याला आणखी एक वर्ष बांधून ठेवायची मुभा होती. त्यांनी ती घेतली नाही. काय करायचाय हा, असा एकूण सूर. त्याच वर्षी तो बरा खेळला. १५ टचडाऊन पास, पळून ७०० वर यार्ड आणि प्लेऑफमध्ये एक विजय, तोही याच मिनेसोटाविरुद्ध. मार्च २०२३ मध्ये अंतिम मुदतीच्या काही मिनिटं आधी त्याच जायंट्सनी त्याच जोन्सला चार वर्षांचे १६० दिले. वर्षाला ४०, त्या वेळच्या मर्यादेच्या जवळपास १८ टक्के.

ही घाई का झाली, ते समजून घेण्यासारखं आहे. करार संपलेल्या एका खेळाडूला 'फ्रँचायझी टॅग' लावून वर्षभर थांबवता येतं. तो टॅग संघाकडे एकच असतो. जायंट्सच्या दारात दोघे उभे होते, जोन्स आणि धावपटू सेक्वॉन बार्कली. टॅग बार्कलीवर खर्च करायचा ठरला, म्हणजे जोन्सशी त्याच रात्री करार हवाच. समोरच्या एजंटला हे दिसत नसेल का? घरमालकाला उद्या गावाला जायचंय हे भाडेकरूला कळलं की भाडं कोण ठरवतं, हे सांगायला नको.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दोन मोसमांत जोन्स १६ सामने खेळला, ३ जिंकला. मध्ये गुडघ्याचा लिगामेंट गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला मोकळं केलं, तोवर ८० मिलियनच्या आसपास रक्कम देऊन झाली होती. मोकळं केल्यावरही २०२५ च्या मर्यादेत सुमारे २२ मिलियन त्याच्या नावे अडकले. याला इथे 'डेड मनी' म्हणतात. माणूस नाही, पण त्याचा पगार मर्यादेत जागा अडवून बसलेला. आणि बार्कली? त्याला टॅगवर दहा-अकरा मिलियनवर राबवून जायंट्सनी पुढच्या वर्षी जाऊ दिलं. शेजारच्या फिलाडेल्फियाने तीन वर्षांच्या ३७.७५ वर उचलला, आणि तो २,००५ यार्ड पळून फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकून मोकळा झाला. त्याच्या तीन वर्षांची सगळी रक्कम जोन्सच्या एका वर्षापेक्षा कमी.

क्वार्टरबॅकला जास्त दिल्याचा भुर्दंड असा दुसऱ्याच कुणावर पडतो. जोन्सचं नुकसान झालं नाही, मालकाचंही फारसं नाही. बार्कली गेला, आणि दर रविवारी ईस्ट रदरफोर्डच्या गारठ्यात तिकीट काढून बसणाऱ्यांच्या पदरी तीन विजयांचं वर्ष आलं.

मग मिनेसोटाने डार्नोल्डला सोडलं हे शहाणपण का? इथे माझं मत आमच्या व्हायकिंग्जभक्त मित्रांशी जुळत नाही. टॅग लावला असता तर एका वर्षाचे ४०.२४ मिलियन पडले असते, म्हणजे चौदा टक्क्यांवर. ४ मार्चची मुदत त्यांनी जाऊ दिली. कारण डार्नोल्ड वाईट आहे हे नाही. कारण मॅकार्थी स्वस्त आहे. नव्या खेळाडूंचा पगार ड्राफ्टच्या क्रमांकावरून ठरतो. मॅकार्थीची चारही वर्षं मिळून सुमारे २२ मिलियन. डार्नोल्डच्या एका वर्षात मॅकार्थीचा अख्खा करार बसून वर बरेच उरतात. त्या उरलेल्या पैशांतून मिनेसोटाने आठवडाभरातच पुढच्या फळीत विल फ्राइज, रायन केली, जोनाथन ॲलन आणि जव्हॉन हारग्रेव्ह अशी भरती केली. रॅम्सविरुद्ध जिथे भगदाड पडलं, तिथेच सिमेंट ओतलं.

कागदावर हे सुंदर आहे. फक्त मॅकार्थीने तेव्हा एनएफएलचा एकही खरा सामना खेळलेला नव्हता, आणि तो शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर परत येत होता. लोक म्हणतात सिॲटलने जुगार खेळला. मला वाटतं मोठा जुगार मिनेसोटाचा आहे, फक्त त्याचं बिल डॉलरमध्ये येत नाही म्हणून दिसत नाही. १४ सामने जिंकलेला संघ होता, जस्टिन जेफरसन ऐन भरात होता. अशी वर्षं साठवून ठेवता येत नाहीत. मॅकार्थीला शिकायला दोन वर्षं लागली तर ती दोन वर्षं कुणाच्या खात्यावर टाकायची?

डार्नोल्डच्या विरुद्ध सगळ्यात जोरदार मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मला पटतो. त्याचं वर्ष त्याचं एकट्याचं नव्हतं. प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेलला वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवलं गेलं. पास झेलायला जेफरसन, ॲडिसन आणि हॉकिन्सन होते. चांगल्या टीममध्ये, चांगल्या मॅनेजरखाली वर्ष काढलं की अप्रेजल उत्तम येतं आणि कंपनी बदलली की खरं काय ते कळतं. आपल्यातल्या आयटीवाल्यांनी हे स्वतःवर अनुभवलंय. सिॲटलने डीके मेटकाफला तेव्हा नुकतंच पिट्सबर्गला देऊन टाकलं होतं, त्यांची बचावफळीसमोरची भिंतही कच्ची होती. म्हणजे तिथे डार्नोल्डला कमी आधारावर जास्त करून दाखवायचं होतं. जमेची बाजू एकच, पण वजनदार. तिथला २०२५ मधला नवा आक्रमण-प्रशिक्षक क्लिंट कुबियाक २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत होता, आणि डार्नोल्डही. सरावात रोज बघितलेल्या माणसाबद्दल तो बोलत होता, टीव्हीवर बघितलेल्या नव्हे.

तरीही मी सिॲटलच्या बाजूने आहे, ते कराराच्या बारीक अक्षरांमुळे. १००.५ हा आकडा बातमीसाठी. हमीची रक्कम ५५, आणि त्यातही सही करताना पक्की झालेली फक्त ३७.५. बाकीचे १७.५ पुढच्या वर्षासाठीचे. तो जखमी झाला तर ते मिळणार हे सही करतानाच ठरलं होतं, पण नुसता वाईट खेळला तर पूर्ण हमी लागू होण्याआधी सिॲटल हात काढून घेऊ शकत होतं. जायंट्सनी जोन्सला दोन वर्षांचा पैसा आधीच बांधून दिला आणि स्वतःचंच दार बंद केलं. सिॲटलने दार किलकिलं ठेवलं. प्रत्यक्षात हा एका वर्षाचा सुमारे ३७ मिलियनचा करार होता, आणि पुढची दोन वर्षं सिॲटलच्या मर्जीवर. मिनेसोटाला टॅग लावून एकच वर्ष ४० मध्ये पडलं असतं, हे शेजारी ठेवून बघा.

जीनोशी नव्या आकड्यावर एकमत होईना, तेव्हा त्यांनी त्याला तिसऱ्या फेरीच्या निवडीच्या बदल्यात लास व्हेगासला पाठवलं आणि तीन दिवसांत डार्नोल्ड आणला. जीनो तेव्हा चौतिशीचा, डार्नोल्ड सत्तावीस. जीनोच्या शेवटच्या दोन वर्षांत संघ ९-८ आणि १०-७, दोन्ही वेळा प्लेऑफच्या बाहेर. त्याचं चांगलं वर्ष खोटं नव्हतं, पण त्याच्या पुढे गाडी गेली नाही. मेफिल्डची मात्र गेली. मोठा करार मिळाल्यावर पुढच्याच मोसमात त्याने ४१ टचडाऊन केले. डार्नोल्ड यातल्या कुणाच्या वाटेने जाईल हे सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.

भावाला एवढं सगळं फोनवर सांगितलं नाही. त्याने मधेच विचारलं, "मग तो जोन्स आता काय करतो?" जायंट्सनी सोडल्यावर आठवडाभरात तो मिनेसोटातच राखीव म्हणून आला होता. डार्नोल्डचं ते वर्ष त्याने बाकावरून बघितलं. मार्च २०२५ मध्ये इंडियानापोलिसने त्याला घेतलं. एका वर्षाचे १४ मिलियन, मर्यादेच्या पाच टक्के.