आवाज मोठा नको, शब्द कळू देत

या सदरातून वर्षभर आपण गळके नळ, कुरकुरणारी दारे आणि पाय हलणारी टेबले यांचा समाचार घेतला. दिवाळी अंकासाठी काही सणाला शोभेल असे लिहावे, अशी संपादकांची सूचना आली. आकाशकंदील आणि मुलांचा किल्ला हे विषय मागेच होऊन गेले. तेव्हा यंदा मी मोटारीच्या मागच्या दारात बसवायच्या एका लाकडी कड्याविषयी लिहिणार आहे. हसू नका! हे कडे एकदा जागेवर बसले की पुन्हा कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. पण आमच्या घरची यंदाची दिवाळी निम्मी त्यानेच साजरी केली.

हकिकत अशी. आमची गाडी चौदा वर्षांची आणि आमचे नाना त्र्याऐंशी वर्षांचे. दर दिवाळीला पुण्याहून वाईला जायचे, नानांनी मागच्या बाकावर खिडकीशी बसायचे, गाडीत नाट्यगीते लागायची आणि 'ही जागा अशी नव्हे, मूळ गायकाने अशी घेतली होती' असे नानांनी आम्हाला बजावायचे, हा शिरस्ता. गेल्या दोन वर्षांत हे बजावणे बंद झाले. नाना गप्प बसू लागले. सौभाग्यवतींनी एकदा विचारलेच, "नाना, गाणं आवडलं नाही का?" नाना म्हणाले, "आवाज येतो गं, शब्द येत नाहीत."

वयोमानाने कान मंदावले असतील, असे मी धरून चाललो होतो. ते काही अंशी खरेही होते. पण मागच्या दाराचे आवरण काढले तेव्हा निम्मा दोष नानांकडून माझ्याकडे आला. स्पीकरच्या कागदी शंकूची कड जागोजाग फाटली होती. मी बाजारातून साडेसहा इंची नवी जोडी आणली आणि एका दुकानात बसवायला दिली. तेथील कारागिराने चारांपैकी दोनच स्क्रू लावले, त्यातलाही एक तिरपा. खिडकीची काच खाली केली तर ती अर्ध्यावर येऊन टक्कन थांबली, कारण स्पीकरचे चुंबक तिच्या वाटेत आले होते. "दाराचा पत्रा कापावा लागेल," तो म्हणाला, "नाहीतर काच अर्धीच उघडा." मी गाडी तशीच घरी आणली. गाणे लावले तर दार मधमाश्यांच्या पोळ्यासारखे गुणगुणू लागले. मी आवाज वाढवला. तेव्हा नाना हात वर करून म्हणाले, "आवाज मोठा नको रे. शब्द कळू देत."

यात शास्त्र आहे, आणि ते स्वयंपाकघरातल्या मंडळींनाही सहज समजेल असे आहे. स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोहोंमध्ये आडभिंत नसेल तर पुढची दाबलेली हवा कडेने वळसा घेऊन मागे जाते. एकाने हंडा भरावा आणि दुसऱ्याने उपसावा, असा तो प्रकार! खर्जातल्या स्वरांचे यात अधिक नुकसान होते. सेकंदाला 100 कंपने असलेल्या स्वराची लाट हवेत सुमारे साडेतीन मीटर लांब असते. एवढ्या लाटेला वीतभर स्पीकरला वळसा घालणे म्हणजे काहीच नाही. खर्ज पोकळ झाला की ऐकणारा आवाज वाढवतो, आवाज वाढला की सैल बसलेला स्पीकर पत्र्याला थरथरवतो आणि त्या गुणगुणीत शब्द बुडून जातात. अमेरिकेत 1925 साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा संशोधकांनी आजच्या स्पीकरचे मूळ रूप जगापुढे मांडले, तेव्हाही त्यांनी शंकू मोकळा ठेवला नव्हता. तो फळीत बसवला होता.

जुन्या स्पीकरला कारखान्यातूनच प्लॅस्टिकची चौकट होती. तिला तीन कान होते आणि ती स्पीकरला पत्र्यापासून थोडे पुढे धरीत असे. नव्याची चौकट धातूची, गोल आणि चार भोकांची. दोघांचा संसार जमायचा तर दोन्हीकडच्या चालीरीती सांभाळणारा मध्यस्थ हवा. तो मध्यस्थ म्हणजेच हे कडे, किंवा कारागिरांच्या भाषेत ब्रॅकेट.

आधी मोजमाप, मग करवत. दाराच्या पत्र्यातले भोक 150 मिलिमीटर. काच पूर्ण खाली करून भोकातून पट्टी घातली, तेव्हा पत्र्यापासून काच 52 मिलिमीटर आत निघाली. नव्या स्पीकरची खोली 62. म्हणजे स्पीकर किमान 10 मिलिमीटर पुढे आणणे भाग होते. उलट, पत्रा आणि दाराचे आतले आवरण यांत जागा 30 मिलिमीटरच. मी 18 मिलिमीटर जाडीचे प्लायवूड निवडले. मागे चुंबक आणि काच यांत 8 मिलिमीटर मोकळे राहिले. पुढे कड्याचे 18 आणि स्पीकरच्या काठाचे 8 मिळून 26 भरले. आवरणापर्यंत 4 उरले. हे आकडे माझ्या गाडीचे आहेत. आपल्या गाडीचे आपणच घ्यावेत, ते उसने मिळत नाहीत.

लाकूड कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पावसाचे पाणी काचेच्या कडेने दारात उतरते आणि तळच्या भोकांतून बाहेर जाते. म्हणजे दाराच्या आत दर पावसाळ्यात ओल असणारच. स्वस्त एमडीएफ तेथे पाणी पिऊन पुरीसारखे फुगते. बोहरी आळीत जाऊन आयएस 710 हा शिक्का असलेले, म्हणजे मरीन जातीचे प्लायवूड मागावे. दोन कड्यांपुरता तुकडा सुताराकडच्या उरलेल्या मालातही निघतो.

जुन्या स्पीकरची चौकट पुठ्ठ्यावर ठेवून बाहेरचा आकार आणि तीन कानांची भोके पेन्सिलीने उतरवून घ्यावीत. मध्ये नव्या स्पीकरच्या मापाचे वर्तुळ काढावे. माझे 128 मिलिमीटरचे होते. आधी ड्रिलने एक भोक, मग त्यातून जिगसॉ. आतली मागची कड कानशीने तिरकी घासावी, म्हणजे शंकूला मागे श्वास घ्यायला जागा मिळते. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावे, नाहीतर प्लायचे पापुद्रे सुटतात.

येथे माझी एक फजिती सांगतो. तिन्ही कान सारख्या अंतरावर नव्हते. डाव्या दाराचे कडे उजव्या दाराला आरशातल्यासारखे उलटे लागते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. नुसते सपाट कडे असते तर पालथे घालून भागले असते. पण मी दोन्हींच्या कडा घासून, स्क्रूच्या डोक्यांसाठी खाचाही पाडून मोकळा झालो होतो! तिसरे कडे कापावे लागले. वाया गेलेले ते कडे सध्या आमच्या माठाची चुंबळ झाले आहे. तेव्हा पुठ्ठ्यावर 'डावे', 'उजवे' आणि 'वरची बाजू' हे शब्द ठळक लिहावेत.

कड्याला, विशेषतः कापलेल्या कडांना, तेलरंगाचे दोन हात द्यावेत. पत्रा आणि कडे यांच्यामध्ये, तसेच कडे आणि स्पीकर यांच्यामध्ये, बारीक फोमची पट्टी सलग चिकटवावी. हवा निसटू न देण्याचे निम्मे काम तीच करते. स्क्रू न गंजणारे घ्यावेत आणि सगळे लावावेत. आवरणामागचा प्लॅस्टिकचा कागद फाडू नये. तो पाणी गाडीत येऊ देत नाही. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी, आणि पिवळ्या जोडणीच्या तारा दिसल्या तर त्यांना हात लावू नये. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

तारांची उलटसुलट ओळखायला दीड व्होल्टचा सेल पुरे. क्षणभर टेकवला आणि शंकू बाहेर आला, तर सेलची धन बाजू ज्या टोकाला लागली ते स्पीकरचे धन टोक. दोन्ही दारांत जोडणी सारखीच हवी, नाहीतर एक स्पीकर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि खर्ज पुन्हा गडप होतो. आवरण लावण्यापूर्वी काच पाच-सहा वेळा वरखाली करून पाहावी.

दोन कड्यांना मला दोन रविवार लागले आणि खर्च स्पीकरांच्या किमतीपुढे नगण्य झाला. दाराचा पत्रा जसाच्या तसा आहे. उद्या जुना स्पीकर बसवायचा म्हटले तरी बसेल. मी पैसे मोजले होते ते स्पीकरला, पण त्याला बोलता केले ते या कड्याने.

वसुबारसेला आम्ही वाईला निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडला आणि सवयीने मी आवाज वाढवला. मागून नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जरा हळू कर रे," ते म्हणाले. "आणि ही जागा अशी नव्हे."