अडगांवची लढाई आणि ठासणीची बंदूक

येत्या स्नेहसंमेलनांत अडगांवची लढाई रंगभूमीवर आणावी, अशी विद्यार्थ्यांची इच्छा आहे. ती आम्हांस मनापासून आवडली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं नागपूरकर भोसल्यांचें सैन्य व जनरल वेल्स्लीची फौज जेथें भिडली, तें अडगांव आपल्या आसेगांवाच्या उत्तरेस, अकोला जिल्ह्यांत आहे. परंतु ‘खरी बंदूक आणून बार उडवूं’ ही पुढची सूचना कानीं येतांच आम्हांस लेखणी उचलावी लागली.

त्या काळीं वेल्स्लीच्या पायदळाजवळ चकमकीच्या बंदुका होत्या. चाप ओढला कीं घोड्याच्या जबड्यांतील गार पोलादी पट्टीवर आपटते, ठिणग्या खालच्या वाटींतील रंजकेवर पडतात, आणि ज्वाला बारीक भोंकांतून नळींतील दारूपर्यंत पोंचते. गार बोथट झाली, रंजक दमट झाली किंवा भोंक काजळीनें बुजलें, कीं रंजक नुसतीच भुर्रकन् जळते. बार होत नाहीं. कधीं तो क्षणभर उशिरानें होतो, आणि तेवढ्यांत कोणी नळींत डोकावला तर? गोंगाटांत आपली बंदूक उडाली नाहीं हें न कळून शिपाई वर दुसरा बार ठासतो. घाईंत ठासणीचा गज नळींतच विसरला, तर तो बाणासारखा सुटतो.

ह्याच वेल्स्लीनें पुढें १८१५ सालीं वॉटर्लू जिंकलें. त्या लढाईचा देखावा २०१५ सालीं तेथें हजारों हौशी लोकांनीं उभा केला. अशा देखाव्यांत नळींत गोळी घालीत नाहींत. पुष्कळ मंडळ्या गजहि नळींत घालूं देत नाहींत, आणि शेजाऱ्याचें तोंड भाजूं नये म्हणून भोंकाशेजारीं पितळी आडोसा बसवितात. वर्षानुवर्षें कवायत केलेल्या प्रौढांची ही सावधगिरी! आमच्या मुलांची तालीम तर जेमतेम पंधरा दिवसांची.

पालकांसहि एक विनंती. घरीं पीकरक्षणाची ठासणीची बंदूक असेल, तर ती १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं परवान्यानें मिळालेली आहे. नाटकास उसनी देण्याची ती वस्तु नव्हे.

सुताराकडून लाकडी बंदुका करून घ्याव्या. आवाजास पडद्यामागें नगारा पुरे. आणि एकदोन शिपायांच्या बंदुका मुद्दाम उडूंच नयेत. अडगांवीं तोफांच्या पहिल्या भडिमारांत वेल्स्लीच्या तीन पलटणी पळत सुटल्या होत्या. त्यानें त्यांस वळवून पुन्हां उभें केलें. तो प्रसंग मात्र मुलांनीं अवश्य दाखवावा; त्यास दारूचा एक कणहि लागत नाहीं.